हवेचा आकडा काट्यावर ठरतो

कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्यांना जाणाऱ्या रस्त्यांवर, जिथे म्हणून ट्रक थांबतात तिथे एक कॉम्प्रेसर धडधडत असतो. गाडी येऊन लागते. पंक्चरवाला पाइप ओढत चाकापाशी बसतो आणि मान वर न करता विचारतो, ‘‘किती मारू?’’ केबिनमधून उत्तर येतं, ‘‘एकशे दहा.’’ कधी एकशे वीस, कधी शंभर. गाडीत सळई आहे की कांदा, पुढच्या चाकांवर किती टन आलेत आणि मागच्यांवर किती, टायर रात्रभर थंड झालेत की आत्ताच दोनशे किलोमीटर पळून आलेत, यातलं काहीही कुणी विचारत नाही. दहा टायरच्या गाडीचं, तिच्यातल्या मालाचं आणि माणसांचं भवितव्य ज्या आकड्यावर उभं आहे, तो असा एका शब्दात ठरतो.

हा आकडा म्हणजे दर चौरस इंचाला किती पौंड दाब, ते मोजणारं माप. मोटारगाडीच्या टायरला तिशी-पस्तिशीची हवा पुरते. मालट्रकला शंभर ते एकशे तीस पौंड लागते. नेमकी किती, याचं उत्तर मात्र कॉम्प्रेसरपाशी मिळत नाही. ते वजनकाट्यावर मिळतं. टायर फुटण्याच्या, गाडी उलटण्याच्या, वेळेआधी गोटा झालेल्या, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरांच्या गोष्टी महामार्गावर रोज ऐकू येतात. त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टींची सुरुवात काटा आणि कॉम्प्रेसर यांची गाठ न पडण्यात असते, हे मला या लेखात सांगायचं आहे.

ओझं कोण उचलतं?

ट्रकचं ओझं टायर उचलतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते उचलते टायरमध्ये कोंडलेली हवा. रबर, नायलॉन किंवा पोलादी तारा यांचं मुख्य काम ती हवा धरून ठेवण्याचं. बाजूच्या भिंतीच्या ताठपणामुळे थोडासा भार पेलला जातो, पण बाकी सगळा हवेवर असतो.

एका टायरवर अडीच टन वजन आहे आणि आत 110 पौंडांची हवा आहे, असं धरू. अडीच टन म्हणजे साधारण साडेपाच हजार पौंड. त्याला 110 ने भागलं की उरतात 50 चौरस इंच. म्हणजे रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा जेमतेम सात इंच बाय सात इंचांचा. दहा टायरची अख्खी गाडी, पंचवीस टनांचा ऐवज, साडेतीन चौरस फूट रबरावर उभी असते आणि तेवढ्यावरच वळते, चढते, ब्रेक लावल्यावर थांबते. हवा कमी झाली की हा तुकडा लांबतो, टायर बसतो आणि त्याच्या बाजू बाहेर फुगतात. चाक फिरताना बाजूचा प्रत्येक भाग रस्त्यापाशी आला की दुमडतो आणि पुढे गेला की सरळ होतो. ट्रकचं चाक एका किलोमीटरला सुमारे तीनशे फेरे घेतं. शंभर किलोमीटरच्या प्रवासात एकाच जागेला तीस हजार वेळा दुमडावं लागतं.

तार हातात धरून मागेपुढे वाकवत राहिलं की ती आधी तापते आणि मग तुटते. टायरचंही हेच होतं. रबर दुमडताना घेतलेली सगळी शक्ती सरळ होताना परत देत नाही, तिचा काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. हवा जितकी कमी, तितकी दुमड खोल आणि उष्णता जास्त. त्यात रबर उष्णता चटकन बाहेर सोडत नाही. जाड टायरच्या पोटात ती साठत जाते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि एका क्षणी नक्षीचा पट्टा सोलून निघतो किंवा बाजू फाटते. महामार्गाच्या कडेला पडलेल्या रबराच्या काळ्या पट्ट्या पाहून ‘रिमोल्ड टायर असणार’ असं म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण कोऱ्या टायरचीही हीच गत होते, आणि उष्णतेने आतून खराब झालेलं केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, नवी नक्षी चढवून रिमोल्ड करायला घेतलं तर तो दोष पहिल्या आयुष्यातल्या कमी हवेचा असतो.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

ढाब्यावर कुणालाही विचारा, ‘उन्हाळ्यात हवा दहा पौंड कमीच बरी, तापून वाढते’ हे उत्तर मिळेल. हा समज इतका पक्का आहे की दुपारी गाडी थांबवून, गरम टायरची हवा सोडून पुढे जाणारे चालक आजही दिसतात. त्यांचा हेतू गाडी वाचवण्याचाच असतो, पण परिणाम नेमका उलटा होतो.

हिशेब करून पाहू. पहाटे 27 अंशांना टायरमध्ये 120 पौंड हवा आहे. दुपारी भरल्या गाडीनिशी धावताना आतली हवा 70 अंशांवर गेली, तर मीटर सुमारे 139 दाखवेल. ही वाढ नैसर्गिक आहे. टायर बनवणाऱ्यांनी ती धरूनच छापलेला आकडा थंड टायरचा दिलेला असतो. आता घाबरून कुणी 139 वरून 120 वर आणलं, तर रात्री टायर थंड झाल्यावर आत फक्त 103 पौंड उरतील. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच माल, पण सतरा पौंड कमी हवा. टायर आणखी दुमडेल, आणखी तापेल, दुपारी मीटर पुन्हा वाढीव आकडा दाखवेल आणि पुन्हा हवा सोडली जाईल.

म्हणून नियम सोपा आहे आणि त्याला अपवाद नाही: हवा थंड टायरचीच मोजायची. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे, उन्हात तापलेली नको. पहाटे, निघण्याआधी. गरम टायरची हवा कधीही सोडायची नाही. वाटेत एखाद्या टायरचा दाब जोडीदारापेक्षा बराच वेगळा दिसला, तर ती गळतीची किंवा ब्रेक चिकटल्याची खूण समजून कारण शोधायचं.

समृद्धी महामार्गाने हा प्रश्न घरोघर पोचवला. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, पुढे जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. सुरुवातीपासूनच ‘सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात’ ही चर्चा सुरू आहे. तापलेलं काँक्रीट टायरला मदत करत नाही, हे खरं. पण या रस्त्याचा खरा गुण वेगळा आहे: तो टायरला थांबू देत नाही. जुन्या रस्त्यावर गाव, फाटा, गतिरोधक, वाहतूक कोंडी यांमुळे गाडी सतत हळू होत असे आणि टायरला निवायला वेळ मिळे. इथे तासन्‌तास एकाच वेगाने धावता येतं. जो टायर वीस पौंड कमी हवेवर गावोगावी थांबत मुंबईला पोचत असे, तोच इथे दोन तासांत स्वतःच्या उष्णतेने संपतो. रस्ता दोष निर्माण करत नाही, असलेला दोष उघड करतो. गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशद्वारावरच अडवण्याची मोहीम परिवहन विभागाने राबवली, ती योग्यच होती. पण गोटा टायर डोळ्यांना दिसतो, कमी हवा दिसत नाही.

डोळा आणि टॉमी यांची मर्यादा

हवा तपासण्याची आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे टॉमीने, म्हणजे लोखंडी कांबीने, टायरवर ठोकून आवाज ऐकणं. सावध चालक दर थांब्याला गाडीभोवती एक फेरी मारतो, प्रत्येक टायरवर एक घाव घालतो आणि कान देतो. या फेरीचं मोल मोठं आहे. पूर्ण बसलेला आतला टायर तिच्यामुळे सापडतो. पण 85 आणि 115 यांतला फरक कानाला कळत नाही. तो मीटरलाच कळतो.

डोळ्याचीही तीच गोष्ट. नायलॉन टायरच्या बाजू ताठ असतात. मिशलँ कंपनीने 1946 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या रेडियल टायरच्या बाजू मुळातच लवचीक असतात आणि योग्य हवेवरही थोड्या फुगलेल्या दिसतात. आपल्या ट्रकांवर रेडियल मोठ्या प्रमाणावर आले ते गेल्या पंचवीसेक वर्षांत. नायलॉनवर तयार झालेली नजर रेडियलला फसते: भरलेला टायर बसल्यासारखा वाटतो, आणि मग खरोखर बसलेलाही नेहमीचाच वाटू लागतो.

ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेच्या संघीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत व्यावसायिक वाहनांचे फक्त 44 टक्के टायर ठरलेल्या दाबाच्या पाच पौंड आत-बाहेर सापडले होते, आणि सुमारे 7 टक्के टायरांत वीस पौंड किंवा त्याहून जास्त कमतरता होती. टायरमधली हवा डोळ्यांनी ओळखता येते, हा भ्रम जगभर सारखाच आहे.

काटा, टायर आणि तक्ता

आता मूळ प्रश्न: किती मारायची? एक दहा टायरची गाडी घेऊ. पुढे दोन चाकं, मागे जोड एक्सलवर आठ. टायर 10.00R20 मापाचे, बाजूवर 146/143 असा आकडा. हा भारांक. पहिला आकडा एकट्या चाकासाठी, दुसरा जोडीच्या चाकासाठी. भारांकाच्या तक्त्यात 146 म्हणजे 3000 किलो आणि 143 म्हणजे 2725 किलो. हा पूर्ण भार पेलायला या टायरला थंड असताना 120 पौंड हवा लागते.

गाडी काट्यावर घ्यायची, पण एकदम नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून वजन घ्यायचं, मग पूर्ण गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे मागचा भार. समजा पुढे 6 टन आले आणि मागे 20 टन. पुढच्या प्रत्येक टायरवर 3000 किलो, म्हणजे त्याची कमाल मर्यादा. तिथे पूर्ण 120 हवीच. मागे 20 टन भागिले आठ, म्हणजे 2500 किलो. टायर कंपन्यांच्या तक्त्यांमागे जे सूत्र आहे त्याने हिशेब केला तर मागे सुमारे 108 पौंड पुरतात. एकाच गाडीला एकच आकडा सांगणं का चुकीचं आहे, ते इथे स्पष्ट होतं. सगळीकडे 108 मारली तर ज्या चाकांवर स्टिअरिंग अवलंबून आहे तीच चाकं उपाशी राहतात. पुढचा टायर फुटला तर गाडी चालकाच्या हातात राहणं फार अवघड.

तक्त्यातला आकडा मिळाल्यावर त्यात थोडी भर घालावी, कारण माल कधीच सारखा पसरलेला नसतो. सळई एका अंगाला सरकते, उसाची मोळी एका बाजूला जास्त चढते. ज्या बाजूला भार जास्त, तिच्या हिशेबाने दोन्ही बाजूंना हवा ठेवायची. एका एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत फरक कधीही ठेवायचा नाही.

आता हाच हिशेब ओव्हरलोड गाडीला लावू. मागे 20 ऐवजी 26 टन आले तर एका टायरवर 3250 किलो. सूत्र सांगतं की 150 च्या आसपास हवा लागेल. तेवढी हवा या टायरला मंजूर नाही आणि चाकाच्या डिस्कलाही नाही. भरली तर धोका, न भरली तर धोका. अतिभारित गाडीला योग्य हवा नसतेच. कॉम्प्रेसर वजनाची चूक दुरुस्त करू शकत नाही.

16 जुलै 2018 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने एक्सलभाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एका एक्सलला 10.2 टनांऐवजी 11.5 टन, जोड एक्सलला 19 ऐवजी 21. मालकांना दिलासा मिळाला, पण टायरच्या अंगाने हा बदल फारसा समजावला गेला नाही. 10.2 टन भागिले चार म्हणजे 2550 किलो; 143 चा टायर तो पेलतो. 11.5 भागिले चार म्हणजे 2875 किलो. तो 143 च्या मर्यादेबाहेर आहे. त्यासाठी जोडीत 3000 किलो पेलणारा 146 चा टायर हवा, बाजूवर 149/146 लिहिलेला. कायद्याने गाडीची मर्यादा वाढते, टायरची वाढत नाही. पासिंगचा कागद आणि टायरची बाजू शेजारी ठेवून वाचायची सवय प्रत्येक मालकाने लावून घ्यायला हवी.

रस्त्याचाही यात जीव गुंतलेला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे 1958 ते 1960 या काळात झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून हे पुढे आलं की रस्त्याची झीज एक्सलभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. 10.2 वरून 11.5 टन म्हणजे भार बारा-तेरा टक्क्यांनी वाढला, पण झीज साठ टक्क्यांनी.

जोडीतला उपाशी टायर

मागच्या चाकांची जोडी ही सगळ्यांत दुर्लक्षित जागा. बाहेरच्या टायरचा वॉल्व्ह हाताला येतो. आतल्याचा शोधायला बोटं घालावी लागतात, चिखल खरवडावा लागतो. म्हणून बाहेरच्याला हवा मिळते आणि आतला महिनोन्‌महिने राहून जातो. आतला टायर बसला की त्याचा भार शेजारी उचलतो. जोडीत 2500-2500 किलो असताना एक 3200 पेलत असतो आणि दुसरा 1800, आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. बसलेल्याचा घेर लहान, भरलेल्याचा मोठा, पण दोघं एकाच हबला आवळलेले. त्यामुळे एक सतत थोडा घसटत जातो. बाजू फुगून एकमेकींना घासू लागल्या की दोन्ही टायर संपतात.

घाटात यात भर पडते ती ब्रेकच्या उष्णतेची. बोरघाट, खंबाटकी किंवा कसारा उतरताना ड्रम तापतो, त्याची धग डिस्कमार्गे आतल्या टायरला आधी लागते. घाटाच्या उंचीने दाबात पडणारा फरक पौंडभराचाही नसतो. त्याची काळजी करण्याचं कारण नाही. काळजी उतारावर न्यूट्रलने सोडलेल्या आणि ब्रेकवर धरलेल्या गाडीची करावी. यावरचा उपाय स्वस्त आहे: आतल्या वॉल्व्हला बाहेरपर्यंत आणणारी वाढीव नळी, प्रत्येक वॉल्व्हला धातूची टोपी, आणि जोडीत पाच पौंडांपेक्षा जास्त फरक न ठेवण्याचा दंडक.

ठरलेल्या दाबापेक्षा वीस टक्के किंवा अधिक कमी हवेवर भरलेली गाडी पळाली असेल, म्हणजे 120 च्या जागी 96 किंवा कमी, तर तो टायर नुसती हवा भरून पुढे नेऊ नये. उतरवून आतून तपासावा. वारंवार दुमडून बाजूच्या पोलादी तारा आत तुटलेल्या असतात आणि पुन्हा हवा भरताना बाजू चेनसारखी उसवत फाटते. पंक्चरवाल्याचा जीव जातो तो असाच, किंवा ट्यूबच्या चाकाची लॉक रिंग नीट न बसता सुटल्यामुळे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत अशा चाकांना पोलादी पिंजऱ्यात ठेवून, दूर उभं राहून हवा भरणं बंधनकारक आहे. आपल्या महामार्गांवर रात्रंदिवस हेच काम करणारी तरुण मुलं चाकावर वाकून बसलेली असतात. तो पिंजरा आपल्या प्रत्येक दुकानात यायला हवा. त्याला लागतं थोडं लोखंड आणि एक वेल्डर.

जास्त हवेचा मोह

कमी हवेचे तोटे समजले की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. गरजेपेक्षा जास्त हवेचा टायर मधोमध झिजतो, खड्ड्याचा धक्का पोटात घेऊ शकत नाही, दगडावर आदळला की चिरतो, आणि तो धक्का पाट्यांना, हाऊसिंगला व चालकाच्या मणक्याला बसतो. रिकामी गाडी भरल्या हवेवर परतताना उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की चाकं चटकन घसरतात. प्रत्येक फेरीत हवा बदलणं शक्य नसतं, म्हणून भरल्या वजनाची हवा ठेवून रिकाम्या गाडीचा वेग आवरणं हाच व्यवहार्य मार्ग.

ऊसवाहतुकीत ही ओढाताण सर्वांत तीव्र होते. तोडीच्या हंगामात ट्रक थेट फडात शिरतो. चाक जमिनीवर जो दाब देतं तो साधारण टायरमधल्या हवेइतकाच असतो. 110 पौंडांचा टायर ओल्या काळ्या मातीत रुततो आणि खालची जमीन पुढच्या पिकासाठी घट्ट करून जातो. फडाला मऊ टायर हवा, डांबराला कडक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या ‘डक’ (DUKW) या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकला, चालकाने बसल्या जागेवरून हवा कमीजास्त करण्याची सोय दिली होती: वाळूत कमी, रस्त्यावर जास्त. आपल्या ऊसगाड्यांना ती सोय नाही. म्हणून रुतलेली गाडी काढायला फडात हवा सोडली, तर डांबरावर चढण्याआधी ती भरायलाच हवी. बांधावर कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडूच नये. जवळच्या रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरने माल काढून तिथे ट्रक भरणं मातीलाही बरं आणि टायरलाही.

चालकावर ढकलू नये

टायर फुटला की दोष चालकावर येतो. पण त्याच्या हातात काय दिलेलं असतं? भरणी व्यापारी करतो, वजन तोच ठरवतो, वेळेचा तगादा ट्रान्सपोर्टचा, टायर मालकाचा, आणि खात्रीचा मीटर कुणाचाच नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. तरी माल भरणाऱ्यापर्यंत त्याची झळ क्वचितच पोचते.

खरं तर वजनाची माहिती आपल्याकडे आधीच गोळा होते. 1 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार निर्यातीच्या प्रत्येक कंटेनरचं प्रमाणित वजन जहाजावर चढण्याआधी द्यावं लागतं. न्हावा-शेवाला जाणाऱ्या गाडीतल्या कंटेनरचं वजन कागदावर असतं. टोलनाक्यांवर चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे बसले आहेत. साखर कारखान्याचा काटा तर प्रत्येक खेपेला पावती देतो. ही सगळी माहिती दंडासाठी, भाड्यासाठी, बिलासाठी वापरली जाते. हवा भरणाऱ्यापर्यंत ती येत नाही.

सुरुवात साखर कारखान्यांपासून करता येईल, आणि याच हंगामापासून. कारखान्याच्या आवारात ऊसगाड्या गव्हाणीची वाट पाहत कित्येक तास, कधी रात्रभर उभ्या असतात. टायर पूर्ण थंड होण्यासाठी याहून चांगली वेळ कोणती? काटा तिथेच, चालक तिथेच. कारखान्याने पावतीवर पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं छापावं. शेजारी खात्रीचा मीटर, पिंजरा आणि कॉम्प्रेसर ठेवावा, भिंतीवर नेहमीच्या टायर मापांचा भार-हवा तक्ता मराठीत रंगवावा. गाडीमालकाने आतल्या वॉल्व्हच्या नळ्या बसवाव्यात आणि आठवड्यातून एकदा दहाही टायरांचे आकडे वहीत लिहून घ्यावेत. स्टेपनीचाही. एवढं केलं तर टायर रिमोल्डपर्यंत सुस्थितीत पोचतील, डिझेल वाचेल, आणि ऊसतोडीच्या टोळ्या, शाळेची मुलं, दुचाकीस्वार ज्या रस्त्यांवरून जातात त्या रस्त्यांवर भरल्या गाड्या चालकाच्या ताब्यात राहतील. यासाठी नवा कायदा लागत नाही. काट्यावरचा कागद कॉम्प्रेसरपर्यंत नेण्याची जबाबदारी कुणीतरी आपली म्हणून घ्यावी लागते, आणि ती पहिल्यांदा गाडीत माल भरणाऱ्याची आणि गाडीच्या मालकाची आहे.